फेब्रुवारीत गाव रिकामं असतं, मग जनगणनेची तयारी कशी करायची?

फळा_खडू

जनगणनेवर इथे आधीच धागे आहेत, पण सगळे फिरून फिरून जातीच्या रकान्यापाशी येऊन थांबलेत. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा दारात माणूस असेल का?

वेळापत्रक ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात राज्य ठरवेल त्या ३० दिवसांत घरयादी. त्याच्या आधीचे १५ दिवस, ज्यांना हवं त्यांनी ऑनलाइन स्वगणना करायची. नंतर फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रत्यक्ष माणसांची मोजणी. संदर्भवेळ १ मार्च २०२७, रात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटं. २०२१ ची जनगणना कोविडमुळे झालीच नाही, म्हणजे आपण सोळा वर्षांनी मोजले जाणार आहोत.

मी बीडकडच्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातला जिल्हा परिषदेचा शिक्षक. २०११ ला प्रगणक होतो, यंदाही नाव येणार हे धरूनच चाललोय. आमच्याकडे दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच परत येतात. म्हणजे घरयादीला जाऊ तेव्हा गाव भरलेलं असेल, आणि माणसं मोजायला जाऊ तेव्हा म्हातारीकोतारी, शाळेतली पोरं आणि कुलपं.

२०११ चा नियम असा होता : गणनेचा काळ ९ ते २८ फेब्रुवारी, त्यानंतर १ ते ५ मार्च उजळणी फेरी. जो माणूस गणनेच्या पूर्ण काळात घरी नसेल त्याला घरच्या तक्त्यात लिहायचं नाही. तो जिथे असेल तिथे लिहिला जाईल. सांगली-कोल्हापुरात ऊस तोडणारं जोडपं तिथेच मोजलं जायला हवं.

जायला हवं, पण जातं का? तिथल्या प्रगणकाच्या हातात जो नजरी नकाशा असतो तो घरयादीच्या वेळचा. कोप्या (तोडणाऱ्यांच्या झोपड्या) पडतात ते रान पावसाळ्यात मोकळं असतं, त्यामुळे नकाशावर तिथे काहीच नसतं. नंतर उभी राहिलेली घरं, झोपड्या त्याने भरायच्या असतात हे खरं. पण पाणंदीने आत, उसाच्या आड, पन्नास कोप्या आहेत हे त्याला कुणी सांगितलं तर तो जाणार. इकडे आम्ही 'घर बंद' लिहून मोकळे होतो. माणूस दोन्हीकडून सुटतो.

दुसरी बाजूही लिहितो. गावातले कारभारी दरवेळी म्हणतात, "गुरुजी, आपली माणसं आपल्याच गावात लावा." त्यात त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही, पण तसं केलं तर नियम मोडतो आणि तिकडे कुणी मोजलंच तर माणूस दोनदा येतो.

तुमच्या भागात काय करता येईल ते लिहा. फक्त ऊसतोडच नको. वीटभट्टी, मेंढपाळ, सोसायट्या, काहीही.

---

पाचटवाला

गुरुजी, आम्ही दुसऱ्या टोकाचे. वारणाकाठचा ऊसवाला. तुमची माणसं आमच्या रानात असतात.

पहिली गोष्ट, सगळ्या टोळ्या सारख्या नसतात. गाडी सेंटरवाल्यांकडं बैल असतात, ती मंडळी कारखान्याजवळच्या अड्ड्यावर हंगामभर एकाच जागी. तिथं मोजणं सोपं आहे, अख्खी वस्तीच असते. ट्रॅक्टरच्या टोळ्या गावातल्या एखाद्या मोकळ्या रानात, नाहीतर गायरानात उतरतात. काही जागा बदलतात. एका गटातला ऊस संपला की कोप्या मोडून दुसरीकडं. प्रगणक सोमवारी यायचा म्हणला आणि गुरुवारी आला तर तिथं पाचट आणि राख.

दुसरी गोष्ट, वेळ. ही माणसं पहाटे अंधारात फडात, म्हणजे तोडीच्या रानात जातात. दुपारी अकराला कोपीवर एखादं तान्हं पोर आणि त्याला सांभाळणारी आठ वर्षांची बहीण, बस. संध्याकाळी दिवेलागणीनंतर गेलं तरच भेट, आणि तेव्हाही गाडी भरायची असली तर पुरुष नाहीच.

कुणाला विचारायचं? चिटबॉयला, म्हणजे तोडीवर लक्ष ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाला. कुठली टोळी कुठल्या गटात, किती कोयते (तोडणारी जोडपी), मुकादम (टोळीचा म्होरक्या) कोण, हे त्याच्या तोंडावर असतं. तहसीलदारानं कारखान्याच्या शेती विभागाला एक पत्र दिलं तर टोळ्यांची यादी गावनिहाय मिळेल. आमच्या पोलिस पाटलांशी बोलून बघतो.

---

शंकेखोर

दोन शंका.
१) फडावर नाव लिहिलं तर गावचं रेशन बंद होतं असं आमच्या वस्तीवर सर्रास बोललं जातं. खरं काय?
२) आधार कार्ड, दाखले काय काय जवळ ठेवायचं? आणि ही माहिती पुढे पोलिसांकडे, करवाल्यांकडे जात नाही याची काय खात्री?

---

कलम_पंधरा

शंकेखोर, वकिलीचा पेशा असल्यामुळे हे मी घेतो.

जनगणना कायदा, १९४८. कलम १५ सांगतं की जनगणनेची वही, नोंदी पाहण्याचा हक्क कुणालाही नाही आणि त्या पुरावा म्हणून दाखलही करता येत नाहीत. तुमची वैयक्तिक नोंद कुठल्या खात्याला, अगदी कोर्टालाही, तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला कलम ११ खाली दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, दोन्हीची तरतूद आहे. उत्तर देणं मात्र तुमच्यावर बंधनकारक आहे. जाणूनबुजून खोटं सांगितलं किंवा नाकारलं तर १,००० रुपयांपर्यंत दंड.

रेशनचा संबंध नाही. शिधापत्रिका वेगळ्या यंत्रणेची, जनगणनेची नोंद तिथे जात नाही. उलट गंमत बघा : अन्नसुरक्षा कायद्याखाली देशभरात ८१.३५ कोटी लोकांची जी मर्यादा आहे ती २०११ च्या लोकसंख्येवर बेतलेली. त्यानंतर जन्मलेल्यांचं, वाढलेल्या कुटुंबांचं काय, हा वाद गेली कित्येक वर्षं चाललाय तो नवी जनगणना नसल्यामुळेच. मोजणीत सुटणं हे रेशनच्या दृष्टीनेही तोट्याचंच.

कागदपत्र एकही लागत नाही. तोंडी सांगायचं, प्रगणक लिहितो. कुणी आधार, बँक खातं, पॅन मागितलं तर तो जनगणनेचा माणूस नव्हे. यंदा स्वगणना असल्यामुळे भामट्यांना आयतं कोलीत मिळणार आहे. ओटीपी तुम्ही स्वतः पोर्टल उघडलं तरच येतो आणि तो तिथेच भरायचा. फोनवर 'जनगणनेतून बोलतोय, ओटीपी सांगा' म्हणणाऱ्याला काहीही सांगू नका. स्वगणना पूर्ण झाली की एक ओळख क्रमांक मिळतो, तो दारात आलेल्या प्रगणकाला दाखवायचा. प्रगणक येणारच आहे, ऑनलाइन भरलं म्हणून तो टळत नाही.

---

गावकारभारी

गुरुजी, 'कारभारी' म्हणून जो टोला मारलात तो आम्हालाच, म्हणून लिहितो. सरपंच आहे.

तुम्ही नियम सांगितला, बरोबर आहे. पण त्याचा परिणामही सांगा. ग्रामपंचायतीचे सदस्य किती हे लोकसंख्येवर. १,५०० पर्यंत सात, त्यावर ३,००० पर्यंत नऊ. आरोग्य उपकेंद्राला सपाटीवर ५,००० लोकसंख्या लागते. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१-२६) स्थानिक संस्थांसाठीचा पैसा राज्यांना वाटताना ९० टक्के वजन लोकसंख्येला आणि १० टक्के क्षेत्रफळाला होतं, आणि लोकसंख्या कुठली, तर २०११ ची. ही माणसं वर्षातले सहा-सात महिने माझ्या गावात पाणी पितात, रस्त्याने चालतात, त्यांची पोरं माझ्या अंगणवाडीत. मोजायचं मात्र अशा महिन्यात जेव्हा ती इथे नसतात. सांगलीच्या गावाला फुकटची वाढ, आणि त्या गावाने या लोकांना कधी नळ दिलाय का ते पाचटवाल्यांनी सांगावं.

मग आम्ही 'इथेच लावा' म्हणतो तर काय वावगं?

---

पाचटवाला

सरपंच, नळ नाही. विहिरीवरनं भरतात, शेतकऱ्यानं भरू दिलं तर. खोटं कशाला बोलू.

---

फळा_खडू

सरपंच, टोला नव्हता. तुमचा हिशेब बरोबर आहे आणि फेब्रुवारी हा महिना आपल्या भागावर अन्याय करणारा आहे हेही बरोबर. तो बदलणं तुमच्या माझ्या हातात नाही.

पण 'इथेच लावा' म्हणून लावलेली नावं टिकतात असं नाही. पर्यवेक्षक फेरतपासणीला येतो, घराला कुलूप, तक्त्यात सहा माणसं. पहिला प्रश्न प्रगणकालाच. आणि आपल्याला मिळण्यासारखं जे आहे ते आपण सोडतोय, ते तीन ठिकाणी.

एक, मागे राहिलेली माणसं. आजीकडे ठेवलेली नातवंडं, हंगामी वसतिगृहातली पोरं, आजारी सासरा. घराला पुढून कुलूप आणि आजी मागच्या पडवीत, हे आपल्याकडे किती घरात असतं बघा. ही सगळी नियमानेच गावात मोजायची आहेत. आजी घरात एकटी असेल तर तीच कुटुंबप्रमुख. मुलगा परगावी आहे म्हणून घर 'बंद' होत नाही.

दोन, घरयादी. तेव्हा सगळे गावात आहेत. वस्तीवरचं, रानातलं प्रत्येक घर यादीत चढलं, नकाशावर आलं, की फेब्रुवारीत प्रगणकाला त्या दारापर्यंत जावंच लागतं. २२ जानेवारी २०२६ ला जे ३३ प्रश्न अधिसूचित झाले ते या टप्प्याचे आहेत : भिंत-छत कशाचं, पाणी कुठून, शौचालय, स्वयंपाकाला काय जाळता, इंटरनेट, मुख्य धान्य कुठलं. (यातलं मुख्य धान्य मला फार आवडलं. बाजरी-ज्वारी खाणारे लोक पाहुण्यासमोर गहू सांगतात. सांगू नका.) गावाची खरी अवस्था या प्रश्नांतून दिसते, आणि इथे आपली पूर्ण हजेरी लागू शकते.

तीन, स्थलांतराचे प्रश्न. २०११ च्या लोकसंख्येच्या तक्त्यात २९ प्रश्न होते, त्यात जन्मस्थान, शेवटचं राहण्याचं ठिकाण, तिथून यायचं कारण आणि इथे किती काळ, हे होते. आपलं जोडपं सांगलीत मोजलं गेलं तरी या रकान्यात जिल्हा बीड आणि कारण काम असं नीट लिहिलं गेलं तर ते स्थलांतराच्या तक्त्यात बीडमधून कामासाठी आलेले म्हणून दिसतं. तिथला प्रगणक घाईत असतो, मुकादम "लिवा हितलंच" म्हणतो, आणि सगळं पुसलं जातं. टोळीतल्या एखाद्या शिकलेल्या पोराला एवढं सांगून पाठवलं तरी पुष्कळ.

---

गावकारभारी

तक्त्यात दिसतात. निधीत दिसत नाहीत.

पण आजीचं पटलं. घरयादीचंही.

---

तांड्यावरची

नमस्कार. मी तांड्यावरची, आईवडील अजून तोडीला जातात, मी नर्सिंग करून आता नोकरीला आहे.

गुरुजी, मुकादम सगळ्यांची उत्तरं देतो हे तुम्ही ओझरतं लिहिलंत. खरा घोळ तिथेच होतो. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल (आगाऊ पैसे) दोघांची मिळून एक, ती घेतो नवरा, आणि प्रगणकाने "बाई काय करते" विचारलं की उत्तर येतं "घरीच असते". पहाटे तीनला उठून भाकरी करून फडात जाणारी, मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढणारी बाई तक्त्यात घरकाम करणारी.

मी नियम शोधून वाचले. वर्षभरात कधीही केलेलं काम मोजायचं असतं. मोबदला मिळाला नसेल, घरच्याच शेतात राबली असेल तरी ते काम. म्हैस घरच्या दुधापुरती पाळली असेल तरी ते कामातच धरलंय. सहा महिने किंवा जास्त काम असेल तर 'मुख्य', कमी असेल तर 'सीमांत'. तोडीचा हंगाम आणि मग घरी येऊन खुरपणी, वेचणी मिळवली तर आमच्या बायका सहा महिन्यांच्या कितीतरी पुढे जातात. बायकांनी स्वतः बोलायचं, किंवा निदान शेजारी उभं राहून मुकादमाला टोकायचं.

अजून एक. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून काही बायका प्रगणकासमोर येतच नाहीत. कायद्यातच सूट आहे, रिवाजाने जे नाव घेत नाही ते सांगायची सक्ती नाही. दुसरं कुणी सांगेल. बाकीची उत्तरं तिचीच हवीत. किती मुलं झाली, किती हयात आहेत, हे मुकादमाला काय माहीत?

भाषेचंही सांगून टाकते. आमच्यातलं कुणी बंजारी सांगतं, कुणी लमाणी, कुणी गोरमाटी. २०११ च्या प्रकाशित तक्त्यात बंजारी वेगळी, लमाणी-लंबाडी वेगळी, आणि दोन्ही हिंदीच्या गटात. गट कुठला करायचा ते दिल्लीत ठरतं, पण निदान तांड्याने एकच नाव ठरवून सांगावं. आमच्याकडे त्यावर बैठक होणार आहे, भांडणंही होणार आहेत.

---

खवचट

प्रगणकाला मानधन किती, तेवढं सांगा, बाकी सगळं आपोआप होईल.

---

फळा_खडू

खवचटराव, मानधन महत्त्वाचंच आहे, पण ते मिळायच्या आधी शाळेचा निकाल, निवडणुकीची यादी आणि ही मोजणी एकाच माणसाच्या डोक्यावर असते. तो वेगळा धागा काढा, तिथे मी पहिला येतो.

तांड्यावरची ताई, दंडवत. तुमचा प्रतिसाद छापून आमच्या प्रशिक्षणात वाटावा असा आहे. भर फक्त एवढीच : सही करता येते म्हणजे साक्षर नव्हे. सात वर्षांच्या पुढचा जो कुठल्याही भाषेत समजून वाचू-लिहू शकतो तो साक्षर. आपल्याकडे लाजेने उलट सांगतात, ते नको.

---

पाड्यावरची_आशा

रायगडच्या कातकरी वाड्यांवर आशा म्हणून काम करते. आमच्याकडे ऊस नाही, वीटभट्टी आणि कोळसा. दिवाळीनंतर वाडी रिकामी, पावसाआधी परत. फेब्रुवारी म्हणजे भट्टीचा ऐन मोसम. तुमचं सगळं वाचताना आमचंच वाचतेय असं वाटलं.

दोन फरक आहेत. भट्टीवाला बाहेरच्या माणसाला आत येऊ देत नाही. मजूर किती, पोरं किती कामाला, हे बाहेर कळायला नको म्हणून. तिथे प्रगणकासोबत तलाठी नाहीतर पोलिस पाटील लागतो. दुसरं, महसुली गाव एक आणि वाड्या सात. जनगणनेच्या पुस्तकात गावाचा आकडा येतो, वाडीचा येत नाही. घरयादीच्या नकाशावर एखादी वाडी राहिली तर बेरजेवरून कुणाला कळतही नाही. आमच्या गावात ग्रामपंचायतीकडून सगळ्या वाड्यांची नावं लिहून घेतली आहेत, प्रगणक आला की तीच हातात द्यायची.

आश्रमशाळेतली मुलं आश्रमशाळेतच, संस्थात्मक कुटुंब म्हणून. आईबाप "आमच्यात लिहा" म्हणतात. समजवावं लागतं.

---

सोसायटी_सेक्रेटरी

जरा अवांतर, पण धागाकर्त्यांनीच सोसायट्या म्हटलंय. पुण्याच्या बाजूला ३०० फ्लॅटची सोसायटी. आमच्याकडे माणसं गावाला जात नाहीत, दार उघडत नाहीत. भाड्याच्या फ्लॅटमधले चार नोकरदार स्वतःला 'कुटुंब' समजतच नाहीत. मूळ गावी आईने नाव सांगितलं असेल असं गृहीत धरतात. नियमाने एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, नात्यात असोत-नसोत, आणि गणनेच्या काळात इथे आहेत म्हणजे इथेच.

२०११ नंतर जे पडताळणी सर्वेक्षण झालं त्यात देशभरात दर हजारी साधारण २३ माणसं सुटल्याचं निघालं होतं. हजाराला २३ म्हणजे थोडे वाटतात, पण १२१ कोटींच्या देशात हिशेब करून बघा. सुटणारे सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. कुणाच्या तरी कोप्या आणि कुणाचे तरी भाड्याचे फ्लॅट असतात.

स्वगणना आमच्यासाठी सोपी आहे. सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार, आणि वॉचमन, घरकामाच्या बायका, बांधकामावरचे मजूर यांच्यासाठी क्लबहाऊसमध्ये एक संध्याकाळ.

---

शंकेखोर

उत्तरं मिळाली, आभार. आता जातीचं विचारतो, माफ करा. पोटजात सांगायची की मूळ जात?

---

कलम_पंधरा

विचारणार होतातच कुणीतरी.

सगळ्या जातींची पूर्ण मोजणी शेवटची प्रसिद्ध झाली ती १९३१ ची. २०११ ला जे सामाजिक-आर्थिक व जात सर्वेक्षण झालं ते जनगणना कायद्याखाली नव्हतं, आणि त्यात लोकांनी आडनाव, कुळ, पोटजात, वेगवेगळं स्पेलिंग, जे सुचेल ते सांगितल्यामुळे ४६ लाखांवर नावं गोळा झाली. १९३१ ला ती ४,१४७ होती. केंद्रानेच सर्वोच्च न्यायालयात हे सांगितलंय. यातून जे शिकायचं ते एवढंच की तुमच्या दाखल्यावर जसं लिहिलंय तसंच सांगा, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच सांगा. बौद्ध धर्म लिहिला तर अनुसूचित जात लिहिता येत नाही हा समज चुकीचा आहे. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही ती नोंद करता येते.

यापुढची चर्चा त्या दुसऱ्या धाग्यावर, कृपया.

---

गावकारभारी

आम्ही एक ठरवलं, सांगतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला टोळ्या अजून गावात असतात. त्या दिवशी नोंद घेणार. कोण कुठल्या कारखान्याला, मुकादम कोण, किती माणसं जाणार, मागे कोण राहणार. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे ऊसतोड महामंडळाच्या ओळखपत्रांची यादी आहे, ती पायाला घ्यायची. जानेवारीत मुकादमांना फोन करून सध्या कुठे उतरलेत ते भरायचं आणि तहसीलदारांकडून त्या-त्या तालुक्याच्या जनगणनेच्या चार्ज अधिकाऱ्याला पाठवायचं. माझ्या गावाची संख्या त्याने वाढत नाही हे मला कळतं. तरी करतो.

गुरुजी, रकाने कसे आखायचे?

---

फळा_खडू

थोडेच ठेवा. कुटुंबप्रमुख, घरयादीत पडलेला घरक्रमांक, जाणारे किती, राहणारे कोण कोण (नावं), कारखाना, मुकादम, आणि शेवटी एक मोकळा रकाना जानेवारीतल्या मुक्कामासाठी. घरक्रमांक विसरू नका, त्याच्यामुळे आमच्या प्रगणकाला मागच्या पडवीतली आजी सापडते.

---

पाचटवाला

जानेवारीतला मुक्काम आमच्याकडनं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात परत एकदा तपासून देऊ. आमच्या गावच्या चिटबॉयशी बोललोय. तो म्हणतो, संध्याकाळी सातनंतर प्रगणकाला मोटारसायकलवर घालून मी स्वतः फिरवतो, फक्त त्याला येऊ तर दे.

---

गावकारभारी

मुकादमाचा मोबाईल नंबर यादीत घ्यायचा ना?

---

तांड्यावरची

घ्या दादा, पण ती यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावू नका, ग्रुपवरही टाकू नका. कोण कुठे उतरलंय हे ज्यांची मागच्या वर्षीची उचल फिटायची राहिलीय तेही वाचतात.